पाठ हलवू नकोस

ट्रॉलीवर उताणा पडलेल्या माणसानं बायकोच्या कानशिलात अशी लगावली, की तिच्या हातातली पाण्याची बाटली उडून भिंतीवर आपटली. त्याचा मणका फुटला होता. त्याला कूस बदलता येत नव्हती, पाय जेमतेम हलत होते. हात मात्र अगदी शाबूत होता.

"अंगावर पाणी सांडतीस व्हय गं, टवळे?"

बाई बाटली उचलायला वाकली. त्यानं पुन्हा हात उगारला, तेव्हा मी त्याचं मनगट पकडून ट्रॉलीच्या लोखंडी दांडीवर आपटलं. मला राग लवकर येतो. तेव्हा तर फारच लवकर यायचा.

"आई गं!" तो कळवळला. "कोण हाईस तू?"

"तुझा मणका बसवणारी डॉक्टर. माझ्या हॉस्पिटलात परत हात उचललास, तर तोही मोडून बसवून देईन. कळलं?"

त्यानं माझ्याकडं डोळे वटारून पाहिलं आणि मग हळूच ते खाली घेतले. अशी माणसं अशीच असतात. ज्याच्याकडे आपलं काम अडलंय त्याच्यासमोर लगेच मऊ होतात.

रणजित बुरुंगले त्याचं नाव. जतकडच्या एका गावात खडी क्रशरवर त्याचे दोन डंपर चालायचे. नव्या घराच्या जिन्याला अजून कठडा नव्हता, तिथून पाय घसरून खाली बुडावर आपटलो, असं त्यानं सांगितलं. मी मिरजेत मणक्यांची ऑपरेशनं करते आणि माझं नाव विशाखा चौगुले. या गोष्टीला आता बरीच वर्षं झाली, पण त्या बाटलीचा भिंतीवर आपटलेला आवाज मला अजून तसाच ऐकू येतो.

मी त्याचे पाय तपासले. अंगठा हलत होता, पण अगदी बारीक. स्कॅनमध्ये कमरेच्या वरचा मणका चेचला गेलेला दिसत होता आणि हाडाचा एक तुकडा मागं सरकून मज्जारज्जूला टेकला होता.

"उद्या सकाळीच ऑपरेशन करावं लागेल," मी म्हणाले. "वरच्या आणि खालच्या मणक्यांत स्क्रू घालून मधे सळ्या बसवायच्या. पायांत अजून जीव आहे, तो वाचवायचा."

"चालीन का मी, मॅडम?" त्याचा आवाज एकदम बारीक झाला. तेवढ्यापुरता तो चारचौघांसारखा घाबरलेला माणूस दिसला.

"नीट झालं तर चालशील."

"चालायलाच पायजे," तो म्हणाला, आणि बाटली पुसत उभ्या असलेल्या बायकोकडं त्यानं मान वळवली. "मला एकदा उभं ऱ्हाऊ द्या फकस्त. मग हिला दावतो, जिना कसा उतरायचा असतो ते."

बायको बाटलीचं झाकण लावत होती. ते आट्यांवर बसत नव्हतं.

ती मला एक्स-रेच्या खोलीबाहेर गाठायला आली. तिचं नाव मालन. गालावर पाची बोटं उठली होती. मी तिचा डावा हात धरून उजेडात घेतला, कारण मनगटाच्या वर तो वाकडा दिसत होता. मोडलेलं हाड न बसवता तसंच जुळलं की हात असा दिसतो.

"हे कधीचं?"

"लई दिस झालं बाई. ह्यांनी पाटा मारला हुता."

"आणि दवाखान्यात का नाही गेलीस?"

 ती इकडंतिकडं बघून म्हणाली, "बाई, एक इचारू? रागावणार न्हाई न्हवं?"

"विचार."

"त्यास्नी उभं करू नका."

मला वाटलं, मी चुकीचं ऐकलं.

"त्ये घसरलं न्हाईत बाई. म्या ढकाललं." एकदा तोंड उघडल्यावर ती थांबेना. "पोरीनं दुधाचं पातेलं सांडलं. सात वर्साची पोर हाय माजी, प्रांजू. तिला केसाला धरून जिन्यावर फरफटत नेत हुतं. वरनं फेकतो म्हनलं. फेकलंच असतं बाई, मला ठावं हाय त्यांचं. म्या दोनी हातांनी ढकाललं. पोर माज्या हातात ऱ्हायली आन त्ये खाली गेलं."

"मग पोलिसात जा ना!"

"काय सांगू जाऊन? ढकाललंय तर मीच. मी आत गेली की पोर कुनाजवळ? सासूजवळ? बायकोनं पाडलं असं सांगायला ह्यांची जीभ रेटत न्हाई, म्हनून मी अजून भायेर हाय. पर ज्या दिवशी त्ये पायावर उभं ऱ्हातील, त्या दिवशी माजी पोर न्हाई आन मी बी न्हाई." ती माझे पाय धरायला वाकली आणि मी तिला दंडाला धरून उभं केलं. "तुमच्या हातात हाय बाई. जरासं इकडंतिकडं झालं तर कुनाला कळतंय?"

"गप्प बस," मी म्हणाले. "हे परत बोलू नकोस. मी असलं काही करत नाही." आणि ताडताड चालत निघून गेले. घरी जाईपर्यंत मी कुणावर चिडलेय हेच मला कळत नव्हतं.

मणक्याचं ऑपरेशन नाजूक असतं असं लोकांना वाटतं. ते बघायला आले तर पळून जातील. पालथं झोपवलेल्या माणसाची पाठ मधोमध चिरायची, दोन्ही बाजूंचे स्नायू हाडापासून खरवडून काढायचे, आकड्यांनी ताणून धरायचे. हातोडी असते, करवत असते, जळक्या मांसाचा वास असतो. त्या दिवशी मी खरवडत होते तेव्हा माझा हात नेहमीपेक्षा जोरात चालला होता, हे माझं मलाच जाणवत होतं.

नाजूक असतो तो स्क्रू. मणक्याच्या मागच्या बाजूनं पुढं जाणारी हाडाची एक अरुंद गल्ली असते, करंगळीएवढी. तिच्यातून आंधळेपणानं स्क्रू घालायचा. जरा आत गेला की मज्जारज्जू. आमच्याकडे तेव्हा नवीनच यंत्र आलं होतं, ते या कामाला वाट दाखवायचं. आदल्या दिवशीचा स्कॅन त्याच्या पडद्यावर असायचा. पण स्कॅन उताण्या माणसाचा, आणि टेबलावर माणूस पालथा. त्यामुळं पडद्यावरचं चित्र आणि हाताखालचं हाड आधी एकमेकांशी जुळवावं लागतं. मणक्याच्या मागं निघालेल्या हाडाच्या काट्याला एक चिमटा घट्ट बसवायचा, त्यावरचे चमकते गोळे कॅमेऱ्याला दिसतात. मग टोकदार सळीनं हाडावरच्या एकेका जागेला टेकवून यंत्राला सांगायचं, हे टोक चित्रातलं ते, ही कड चित्रातली ती. जुळलं की आपलं हत्यार पडद्यावर हाडाच्या आत चालताना दिसतं.

चिमटा माझ्या मदतनीसानं, डॉक्टर गुळवणींनी बसवला. मी जागा टेकवल्या. पडद्यावर हिरवी खूण आली आणि चूक म्हणून जो आकडा येतो तो मिलिमीटरच्याही खाली.

"मस्त जुळलंय, मॅडम," गुळवणी म्हणाले.

मी सळी उचलली आणि सवयीनं शेवटच्या बरगडीच्या बुडाला टेकवली. इथं बरगडी माझ्या बोटाला लागत होती. पडद्यावर सळीचं टोक जिथं दाखवत होतं, तिथं बरगडीच नव्हती.

 शेजारशेजारचे मणके सख्ख्या भावांसारखे असतात. आम्ही एक मणका वर होतो. यंत्राला सांगितलेला मणका एक आणि हाताखाली दुसराच, आणि दोघांची ठेवण इतकी सारखी, की यंत्रानं बिनतक्रार जुळवून टाकलं होतं. या चित्राच्या भरवशावर स्क्रू घातला, तर गल्लीची भिंत फोडून आत.

गुळवणी रक्त ओढून घेत होते. भूल देणारी फरीदा मुजावर कापडी पडद्यापलीकडे तिच्या आकड्यांकडं बघत होती. चुकलंय हे मला एकटीला ठाऊक होतं. आकडा उत्तम होता, खूण हिरवी होती. उद्या कुणी विचारलं असतं, तर हाड ठिसूळ होतं, मार मोठा होता, असं म्हणता आलं असतं.

ड्रिल माझ्या हातात होतं. मला मोह झाला, खोटं कशाला सांगू? मालनचा वाकडा हात माझ्या डोळ्यांसमोर होता. सात वर्षांची पोर जिन्यावरून केसांनी ओढली जात होती. पायाशी ड्रिलचं बटण होतं आणि माझा पाय त्यावर होता.

"विशाखा?" फरीदा म्हणाली. "थांबलीस का गं? बीपी ठीक आहे."

आणि मला ती बाटली आठवली. भिंतीवर आपटलेली, तीही उताण्या पडलेल्या माणसाच्या हातानं.

मी पाय काढला.

"गुळवणी, डोळे कुठं ठेवून चिमटा लावलात?" मी इतक्या जोरात ओरडले की बाहेरची सिस्टर दारातून डोकावली. "एक मणका वर आहात! बरगडी मोजायची माहीत नाही? काढा तो. एक्स-रे घ्या आणि पहिल्यापासून जुळवा सगळं."

"पण मॅडम, आकडा तर..."

"आकडा गेला खड्ड्यात! बोट ठेवा इथं. लागते बरगडी? आता पडद्यावर दाखवा मला."

त्यांनी बोट ठेवलं, पडद्याकडं पाहिलं आणि त्यांचं तोंड पांढरं पडलं. आम्ही सगळं पुन्हा केलं. चिमटा योग्य मणक्यावर लावला, एकेक टोक टेकवलं, बरगडीवर सळी ठेवली तेव्हा पडद्यावरही बरगडी दिसली. मग स्क्रू गेले, सगळे गल्लीच्या मधोमध. सळ्या बसल्या, मज्जारज्जूवर टेकलेला तुकडा मी हातोडीनं ठोकून जागेवर बसवला. इतकं चांगलं ऑपरेशन माझ्या हातून क्वचितच झालंय.

तो शुद्धीवर आल्यावर मी त्याला पायाचा अंगठा हलवायला सांगितलं. तो झटकन हलला.

मालन बाहेर बाकड्यावर बसली होती. माझं तोंड बघूनच तिला कळलं. ती रडली नाही, नुसती भिंतीला टेकली.

"झालं का चांगलं?"

"झालं."

"मंग मेलो आमी."

मी तिला माझ्या खोलीत नेलं आणि दार लावून घेतलं. "नीट ऐक. त्याचे पाय गेले असते तर तू काय सुटली असतीस? जन्मभर त्याच्या उशाशी बसली असतीस. त्याचं हगणं-मुतणं काढत. आणि मोडक्या पाठीनंसुद्धा तुला कशी लगावली, बघितलंस ना? झोपला तरी हात चालतातच त्याचे. आणि लुळ्याला टाकून गेली म्हणून गावानं तुझ्या तोंडात शेण घातलं असतं. लुळा नवरा म्हणजे तुझ्या पायातली बेडी, समजतंय?"



"खरं तर आम्ही असल्या पेशंटला दुसऱ्या दिवशी उभं करतो," मी म्हणाले. "याला मी नाही करणार. पडून राहील, आणि तेही स्वतःहून. मी सांगेपर्यंत उठणार नाही. तेवढ्यात पोरीला घे आणि जा. कुठं जाणार ते मला सांगू नकोस. मला माहीतच नको."

"त्ये कसं पडून ऱ्हातील? त्यास्नी धरायला चार मानसं लागत्यात."

"ते माझ्यावर सोड."

दुसऱ्या दिवशी सकाळी गुळवणींनी विचारलं, "मॅडम, बुरुंगलेला उभं करायचं ना?" मी नाही म्हणाले. त्यांनी 'का' म्हणून विचारलं, तर मी म्हटलं, "मी सांगतेय म्हणून." चिमट्याच्या प्रकारानंतर ते माझ्याशी वाद घालण्याच्या मनःस्थितीत नव्हते.

मग मी रणजितच्या खाटेशी खुर्ची ओढून बसले.

"तू घर बांधलंस ना? स्लॅब टाकल्यावर पहिल्याच दिवशी त्यावर नाचतं का कुणी?"

"न्हाई."

"तुझ्या पाठीत तसंच आहे. स्क्रू अजून धरलेले नाहीत. मान हलव, हात हलव. पण पाठ हलवू नकोस. पाठ उचललीस, वळवलीस, की स्क्रू सुटून सरळ मज्जारज्जूत. मग पाय गेले, आणि हगण्या-मुतण्याची शुद्धही गेली. माझ्याकडं परत आलास तरी मी काही करू शकणार नाही."

त्याच्या कपाळावर घाम आला. "आन उठायचं कवा?"

"मी सांगीन तेव्हा."

त्या क्षणापासून तो लाकडासारखा पडून राहिला. शिंक आली तरी दोन्ही हातांनी खाट धरायचा. सिस्टरला म्हणायचा, "हळू गं बाई, पाठ, पाठ." मला त्याची कणभर दया आली नाही.

पण तो मूर्खही नव्हता. मालन दुपारी पोरीला आणायला गावाकडं निघायच्या आतच त्यानं आईला फोन लावला. दुसऱ्या दिवशी त्याची आई, आक्का, प्रांजूला घेऊन वॉर्डात हजर. पोरीला त्यानं खाटेला खेटून उभं केलं आणि तिचं मनगट मुठीत धरलं.

"ही हितंच ऱ्हाईल माज्याजवळ," तो मला म्हणाला, हसत. "म्हंजी हिची आई बी कुटं जायची न्हाई."

पोर एका पायावरून दुसऱ्या पायावर होत होती. तिच्या डोक्यावर एका जागी केस नव्हते, कातडीवर खपली धरली होती. मी आक्कांना एका इंजेक्शनची चिठ्ठी लिहून दिली आणि लगेच हवंय म्हणून स्टेशनजवळच्या दुकानात पाठवलं. मग दारात उभ्या असलेल्या मालनला मानेनंच खूण केली.

ती आत आली. पोरीच्या चपला खाटेखाली होत्या. मालन वाकली, त्या बाहेर काढल्या आणि पोरीच्या पायांशी बसून एकेक पट्टा लावू लागली.

"काय करतीस?" रणजित म्हणाला.

तिनं पहिला पट्टा ओढून बसवला.

"ये! तुला इचारतोय! कुटं निघालीस?" त्यानं मोकळ्या हातानं तिचे केस धरले आणि हिसडा मारला. तिचं डोकं खाटेच्या लोखंडी कडेवर आपटलं. भुवई फुटली आणि रक्त डोळ्यात उतरलं. पोर किंचाळली. "जीव घेईन तुजा! दोघींचा बी घेईन! विहिरीत घालीन!"

माझ्या अंगाची आग आग झाली. त्याच्या अंगावर धावून जावं असं वाटत होतं. पण मग सगळंच संपलं असतं. मी खाटेच्या पायथ्याशी गेले आणि त्याच्या पायाचा अंगठा चिमटीत धरला.

"पाठ वळतेय तुझी," मी म्हणाले.

तो थांबला.

"ओढ अजून. ओढ ना! कंबर आणखी बोटभर वळली की हा अंगठा गार पडेल. हलव बघू."

त्यानं हलवला.

"अजून हलतोय. आता ठरव. केस धरायचे, की पाय ठेवायचे?"

"मॅडम, तुमी मधे पडू नका..." त्याचा आवाज चिरकला. "आक्का! आक्का!"

"हलव."

त्यानं पुन्हा हलवला. मालनच्या केसांतली मूठ सुटली. ती तशीच रक्तानं माखलेली दुसऱ्या चपलेचा पट्टा लावत होती. तेवढ्यात पोरीनं खाली मान घातली आणि बापाच्या मनगटाला कडकडून चावा घेतला. तो ओरडला. त्याचे खांदे उचलले गेले, आणि आता हा उठतो, असं मला खरंच वाटलं. सगळं त्या एका क्षणावर होतं. तो उठला असता, तर दोन पावलांत त्याला कळलं असतं की त्याला चालता येतंय.

"पाठ!" मी ओरडले.

तो धाडकन मागं पडला. डोळे गच्च मिटून, दोन्ही हातांनी खाटेची कड पकडून. पोरीचं मनगट त्याच्या हातून सुटलं होतं.

मालन उभी राहिली. तिनं पदरानं डोळा पुसला, पोरीला कडेवर घेतलं आणि त्याच्याकडं एकदा पाहिलं.   मग ती वळली आणि वॉर्डाच्या मधून, सगळ्यांच्या देखत, नीट चालत बाहेर गेली. मागं तो शिव्या देत होता, पाठ न हलवता, छताकडं बघत.

ती कुठं गेली ते मला आजही माहीत नाही. मी विचारलं नाही, आणि मला कुणी सांगितलं नाही. ती जिथं असेल तिथं पोर मोठी झाली असेल, एवढं मी धरून चालते. केल्याचा मला पश्चात्ताप नाही. पुन्हा तशी वेळ आली तर पुन्हा तसंच करीन.

त्यानंतर एक रात्र मी जाऊ दिली. सकाळी गुळवणींना घेऊन, वॉकर ढकलत मी त्याच्या खाटेशी गेले.

"चल, ऊठ."

"आज?" त्याचा विश्वास बसेना. "स्क्रू धरलं?"

"कूस वळ. पाय खाली सोड. उभा रहा."

तो भीत भीत वळला, बसला आणि वॉकर धरून उभा राहिला. एक पाऊल टाकलं, मग दुसरं. पाय लटपटत होते, पण चालत होते. त्याच्या तोंडावर हसू आलं आणि तसंच तिथं थांबलं.

"मॅडम," तो सावकाश म्हणाला. "मी काल उठलो असतो तर?"

"तर उठला असतास."

"स्क्रू?"

"स्क्रू टेबलावरच घट्ट बसले होते. मी बसवलेत ते."

गुळवणी माझ्याकडं बघतच राहिले. रणजितच्या मानेच्या शिरा टरारल्या. डोळ्यांत रक्त उतरलं. त्यानं उजवा हात वॉकरवरून उचलला आणि माझ्यावर उगारला, पहिल्या दिवशी बायकोवर उगारला होता तसाच. त्याबरोबर वॉकर एका बाजूला कलला, गुडघे दुमडले आणि त्यानं घाबरून तोच हात परत दांडीवर टाकला.

"दोन्ही हात वॉकरवर ठेव," मी म्हणाले. "उचललास की पडशील."

आणि हे मात्र खरं होतं.